वाचक विचारतात : पाठ असलं तरी मॅन्युअल उघडायचं?

प्रश्न : मी विमानाच्या देखभालीत नवा तंत्रज्ञ आहे. चाक बदलणं रोजचंच, म्हणून मॅन्युअलमधल्या त्या पानांची प्रिंट टूलबॉक्समध्येच असते. तीन-चार महिन्यांत असं काय बदलणार?

उत्तर : कदाचित काहीच नाही. पण ते प्रिंटकडे बघून कळत नाही ना! अ‍ॅक्सल नट, म्हणजे चाक आसावर धरून ठेवणारा नट, दोनदा कसतात : आधी चाक हाताने फिरवत जास्त टॉर्क (पिळण्याचा जोर), म्हणजे बेअरिंग नीट बसतं, मग नट सैल करून पुन्हा कमी टॉर्क. हे आकडे प्रत्येक प्रकारच्या विमानाला वेगळे. नट जास्त कसला तर बेअरिंग तापतं, सैल राहिला तर चाक खेळतं.

म्हणून मॅन्युअलच्या संगणकीय आवृत्तीत विमानाचं रजिस्ट्रेशन (नोंदणी क्रमांक) टाकून त्याच विमानाला लागू असलेलं पान काढा. एकाच ताफ्यातली दोन विमानं बाहेरून सारखी दिसली तरी त्यांच्यातली मॉडिफिकेशन्स वेगळी असू शकतात. रिव्हिजनची, म्हणजे मॅन्युअलच्या सुधारित आवृत्तीची, तारीख पाहा, आणि टेम्पररी रिव्हिजन (दोन आवृत्त्यांमधली तात्पुरती दुरुस्ती) निघालीय का तेही. नेमकं हेच राहून जातं. पार्ट नंबर पार्ट्स कॅटलॉगमधूनच घ्या, काढलेल्या भागावरून नको. जॉब कार्डावर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) टास्कच्या क्रमांकाशेजारी रिव्हिजन लिहा. काम संपलं की प्रिंट फाडा.

ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या ए३३० विमानाला बसवलेलं बदली इंजिन जुन्या बनावटीचं होतं, त्यावरचा हायड्रॉलिक पंप मात्र नव्या. नळ्या जुळेनात. संबंधित सर्व्हिस बुलेटिन (उत्पादकाचं बदलांबद्दलचं सूचनापत्र) नेटवर्कच्या अडचणीमुळे उघडलंच नाही, आणि काम त्याच्याशिवाय पुढे गेलं. इंधनाची नळी बदलली, हायड्रॉलिकची जुनीच ठेवली. दोन्ही एकमेकींवर घासत राहिल्या आणि थोड्याच दिवसांत, २४ ऑगस्टला, अटलांटिकवर इंधनाची नळी फुटली. इंधन संपून दोन्ही इंजिनं बंद पडली; वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन अझोर्स बेटांवर उतरवलं. ३०६ जण वाचले. बुलेटिन उघडत नसेल तर काम थांबवायचं, फोनवर विचारून पुढे जायचं नाही.

प्रश्न : आणि मॅन्युअलच चुकलेलं वाटलं तर?

उत्तर : पेनने दुरुस्त करू नका, आणि ‘सगळे असंच करतात’ म्हणून वेगळंही करू नका. काम थांबवून प्लॅनिंग किंवा क्वालिटीला लेखी कळवा; डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) सीएआर-१४५ या देखभाल संस्थांसाठीच्या नियमांनुसार अशी चूक नोंदवून मॅन्युअल तयार करणाऱ्यापर्यंत पोचवायची असते. कळवताना टास्क क्रमांक, रिव्हिजन आणि विमानाचं रजिस्ट्रेशन द्या, जमल्यास फोटोही जोडा. ‘आकृती चुकीची आहे’ एवढंच लिहिलंत तर उलट प्रश्न येतील आणि विमान तोवर जॅकवर.