पुरे म्हणणाऱ्या सुनेला काय सांगू?

प्रश्न : ताई, माझ्या वेळी नर्सबाई घरी येऊन सांगायच्या, 'दोनवर थांबा'. मी ऐकलं, ऑपरेशन करून घेतलं. आता मुलगा-सून मुंबईजवळ दिव्याला राहतात. त्यांना एक मुलगी आहे आणि सून म्हणते, आता पुरे. इकडे वाडीच्या शाळेत सातच मुलं उरलीत. टीव्हीवर सांगतात, जन्मदर घसरला, देश म्हातारा होणार. मग तेव्हा आमचं चुकलं का? सुनेला काय सांगू?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, हे आधी सांगते. मी तीस वर्षं उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. माझ्याकडची एक बाई माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात लपवायची, सासूला कळू नये म्हणून. चार बाळंतपणं झालेली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. तिला थांबायचंच होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी जवळजवळ तीन मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ वर आली, देशात २.०. आई-बापाची जागा भरून निघायला २.१ लागतात, वरचा तो अंश लहानपणी दगावणाऱ्यांसाठी, आणि मुलग्यांपेक्षा मुली थोड्या कमी जन्मतात म्हणून. तरी लोकसंख्या लगेच घटत नाही. आधी मोठ्या संख्येने जन्मलेल्या मुलीच आज आया होताहेत, त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने देशाची लोकसंख्या २०६० च्या दशकापर्यंत वाढतच राहील.

शाळेचं दुखणं थोडं वेगळं आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला सुमारे १६.९७ लाख होती, २०११ ला १६.१५ लाख. मुलं कमी झाली हे खरंच, पण माणसं मुंबईकडे गेली हे मोठं कारण. तुमच्या शाळेतलं आठवं मूल आज दिव्यात शिकतंय.

सुनेला काही सांगू नका, विचारा. सकाळी दिव्याहून गाडी पकडायची, मागे पोरीला कोण बघणार, पाळणाघराचे पैसे कुठून आणायचे? दक्षिण कोरियाने पैसे दिले, सवलती दिल्या, तरी २०२३ साली तिथला आकडा ०.७२ वर आला. आकड्यासाठी कोणी बाळंत होत नाही.

मार्च आला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण ऑपरेशनच्या केसेस पुऱ्या करायच्या असत. १९९६ साली सरकारने ती टार्गेटं काढली. त्याआधी दोघी-तिघींना मन नसताना मी टाक्याला नेलं होतं. त्यांतली एक अजून बाजारात भेटते, नमस्कार करते आणि मला तिच्याकडे बघवत नाही. देशासाठी म्हणून तेव्हा नको म्हणायला लावलं, आता देशासाठी म्हणून सुनेला हो म्हणायला लावू नका. तिला खरंच दुसरं हवं असेल तर आंब्याचा हंगाम उरकून चार महिने तिच्याकडे राहायला जा, त्याचा उपयोग होईल.

म्हातारपणाची काळजी मात्र खरी आहे. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत वाडीत गेले की माझ्या पिशवीतून बाळाच्या वजनकाट्यापेक्षा बीपीचं मशीनच जास्त वेळा निघायचं. घराघरात दोन म्हातारी माणसं, गोळ्या संपलेल्या, आणायला कोणी नाही. पुढच्या ग्रामसभेत चार बायका मिळून उभ्या राहा आणि मागा : बीपी-शुगरच्या महिनाभराच्या गोळ्या उपकेंद्रातच मिळाव्यात, आणि आठवड्यातून एक दिवस नर्सबाईंनी वाडीत येऊन तपासावं.