वाचकांचे प्रश्न : कमी क्लॉकची चिप पुढे कशी जाते?

प्रश्न : व्हिडिओतील हालचाल ओळखणारा माझा प्रोग्रॅम 3 गिगाहर्ट्झच्या संगणकावर फार मागे पडतो. हेच काम एफपीजीए चिपवर (जिच्यातली सर्किटे आपल्याला हवी तशी जोडून घेता येतात) चित्रण चालू असतानाच होते, असे समजते. पण तिचा क्लॉक तर जेमतेम 150 मेगाहर्ट्झचा. मग ती पुढे कशी जाते?

उत्तर : क्लॉक क्षणभर बाजूला ठेवून काम किती आहे ते आधी मोजू. फ्रेमचे 16 × 16 पिक्सेलचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मागच्या फ्रेममध्ये कुठे होता, हे चारही दिशांना 16 पिक्सेलपर्यंत शोधायचे ठरवले, तर एका तुकड्यासाठी 33 × 33, म्हणजे 1089 जागा तपासाव्या लागतात. प्रत्येक जागी 256 वजाबाक्या करून, चिन्ह सोडून, फरकांची बेरीज घ्यायची. ती जिथे सर्वांत कमी, तिथून तुकडा सरकला असे मानायचे. 1920 × 1080 च्या फ्रेममध्ये असे 8160 तुकडे बसतात (1080 ला 16 ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे तळाशी 8 ओळी पदरच्या घालाव्या लागतात). सेकंदाला 30 फ्रेम धरल्या, तर वजाबाक्या 6800 कोटींच्या वर जातात. प्रोसेसरने क्लॉकच्या दर ठोक्याला एकच वजाबाकी केली, तर एका सेकंदाच्या चित्रणाला 22 सेकंदांहून अधिक वेळ लागेल. एकाच आज्ञेत अनेक वजाबाक्या करण्याची सोय आजच्या प्रोसेसरमध्ये असते. ती आपण वापरली आहे का, हे अवश्य तपासावे.

एफपीजीएमध्ये वजाबाकीची 256 सर्किटे शेजारी शेजारी उभी करता येतात. त्यांची उत्तरे बेरजेच्या आठ पायऱ्या उतरत एकत्र येतात आणि या पायऱ्यांवर एकाच वेळी वेगवेगळ्या जागांचे काम चालू असल्यामुळे दर ठोक्याला एका जागेचा निकाल हाती पडतो. अशा दोन रचना ठेवल्या की सुमारे 134 मेगाहर्ट्झ पुरतात.

मात्र खरी कसोटी मेमरीची असते, आणि नवखे बहुधा तिथेच अडकतात. एका तुकड्याचे शोधक्षेत्र 48 × 48 पिक्सेलचे, म्हणजे एका पिक्सेलला एक बाइट धरून 2304 बाइटचे असते. उजवीकडच्या तुकड्याकडे जाताना त्यातले 32 स्तंभ तसेच राहतात, 16 स्तंभ म्हणजे 768 बाइट तेवढे नवे लागतात. जुने स्तंभ ब्लॉक रॅममध्ये, म्हणजे चिपमधल्याच छोट्या मेमरीत, राखले नाहीत, तर बाहेरच्या मेमरीची वाट पाहत सगळी सर्किटे रिकामी बसतात.

प्रश्न : तीन टप्प्यांच्या शोधात आधी दूरदूरच्या मोजक्या जागा तपासून मग त्यांतल्या सर्वांत चांगल्या जागेभोवती अधिक जवळच्या जागा तपासत जातात, त्यामुळे 7 पिक्सेलपर्यंतच्या 225 जागांऐवजी 25 जागांवर भागते. मग सगळ्या जागा कशाला तपासायच्या?

उत्तर : पुढचा टप्पा कुठून सुरू करायचा, हे आधीच्या टप्प्याच्या निकालावर ठरते, त्यामुळे हार्डवेअरला मध्येच थांबावे लागते, शिवाय जवळची, पण चुकीची जागा पदरात पडण्याचा धोका राहतो. प्रोसेसरवर मात्र ही पद्धत चांगली चालते. एफपीजीएचा बोर्ड विकत घेण्यापूर्वी पहिल्या प्रश्नकर्त्यांनीही ती करून पाहावी.