वाचकांचे प्रश्न : वर्गात आणि घरी एकाच वेळी शिकवताना कोणती साधने हवीत?

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. वर्गात 40 विद्यार्थी समोर असतात, तर लांबच्या गावांतील 10-12 जण पावसाळ्यात येणे अवघड होते म्हणून घरूनच मोबाइलवर तासाला बसतात. साधनांसाठी 30,000 रुपये मंजूर झाले आहेत. शिक्षकाच्या मागोमाग आपोआप वळणारा कॅमेरा घ्यावा, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. आपला सल्ला काय? – एक शिक्षिका, कणकवली

उत्तर : घरी बसलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण चित्राची नसून आवाजाची असते, म्हणून पैसे आधी माइकवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्र थोडे धूसर असले तरी विद्यार्थी तास निभावून नेतो. वाक्यातला ‘ऋण’ हा एक शब्द ऐकू आला नाही, तर मात्र त्याचे पुढचे सगळे गणित चुकते.

लॅपटॉपमधला माइक समोर बसून बोलणाऱ्यासाठी असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, पण भिंती, छत आणि फरशी यांवरून परतणारा घुमारा खोलीभर जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे आपण फळ्याकडे वळलात की पलीकडे शब्दांपेक्षा घुमाराच अधिक जातो. यावर उपाय बिनतारी कॉलर माइकचा. तो हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर असावा. पदर किंवा मंगळसूत्र त्यावर घासले की ऐकणाऱ्याला सतत खरखर ऐकू येते, म्हणून तो पदराखाली न दडवता पदराच्या वरच्या काठाला, मंगळसूत्रापासून दूर लावावा. आणि डोक्यावर पंखा असेल तर माइकची स्पंजची टोपी काढू नये.

संच घेताना दोन माइकचाच घ्यावा. दुसरा माइक बाकांवरून फिरवता येतो, आणि माझ्या दृष्टीने तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. वर्गातल्या मुलीने विचारलेली शंका घरी ऐकूच येत नसेल, तर तिथल्या विद्यार्थ्याला प्रश्नाविना नुसते उत्तर मिळते आणि हळूहळू तो तासातून मनाने उठून जातो. त्याचे बोलणे वर्गाला ऐकू यावे म्हणून लहान स्पीकरची जोडीही लागेल. माइक आणि स्पीकर एकाच लॅपटॉपला जोडावेत. स्पीकरमधून काय वाजते आहे हे त्याच यंत्राला ठाऊक असले, तरच ते माइकमध्ये शिरलेला तेवढा भाग वगळू शकते. वर्गातला दुसरा एखादा मोबाइल त्याच बैठकीत सामील असेल, तर त्याचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवावेत, नाहीतर कर्कश शिट्टी सुरू होते.

आता फळा. वर्गात प्रोजेक्टर असेल तर लॅपटॉपला जोडायची लेखनपाटी आणि पेन घ्यावे. ते अडीच-तीन हजारांपासून मिळते आणि त्यावर लिहिलेले समीकरण वर्गात व मोबाइलवर सारखेच स्पष्ट दिसते. प्रोजेक्टर नसेल तर तिकाटण्यावर बसवलेला साधा 1080 पिक्सेलचा वेबकॅम पुरेल. मात्र चौकटीत अख्खा फळा न घेता एक तृतीयांश भागच घ्यावा, कारण पाहणाऱ्याचा पडदा तळहाताएवढा आहे. साधी यूएसबी वायर 5 मीटरपेक्षा लांब घेऊ नये.

प्रश्न : मी पुण्याहून न्यू जर्सीतील मुलांना गाणे शिकवतो. त्यांना माझा तानपुरा मध्येच ऐकू येईनासा होतो. महागडा माइक घेऊ का? – एक गायनशिक्षक, पुणे

उत्तर : माइक बदलून हे थांबणार नाही. बैठकीची सॉफ्टवेअरे एकसारख्या, अखंड नादाला पंख्याची घरघर समजून गाळून टाकतात, आणि तानपुऱ्याचा नाद नेमका तसाच असतो. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ हा पर्याय सुरू करावा, गूगल मीटमध्ये आवाज गाळण्याची सोय बंद करावी आणि दोन्हीकडे हेडफोन वापरावेत.

दोघांनी एकाच वेळी गाण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. अंतर 12,000 किलोमीटरहून अधिक आहे आणि इंटरनेट वाहून नेणाऱ्या काचतंतूतून (ऑप्टिकल फायबर) प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 120 मिलिसेकंद तरी लागणारच. मिनिटाला 240 मात्रांच्या लयीत एक मात्रा पाव सेकंदाची असते. त्यातली जवळजवळ अर्धी वाटेतच जाते, आणि प्रत्यक्षात विलंब याहून जास्त असतो. म्हणून तानपुरा व ठेका विद्यार्थ्याकडेच वाजू द्यावा, आणि आपण गायल्यावर त्याने गावे.

प्रश्न : वीज गेली की चालू तास तुटतो. पूर्ण इन्व्हर्टर बसवणे परवडत नाही. – एक शिक्षक, उदगीर

उत्तर : लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे प्रश्न फक्त राउटरचा उरतो. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटरला बॅटरीवर चालू ठेवणारे साधन, मिळतो. घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. बरेच राउटर 12 व्होल्टचे असतात, सगळे नाहीत. फायबरची पेटी वेगळी असेल तर तिलाही असाच आधार लागेल. इंटरनेट पुरवणाऱ्याच्या खांबावरील यंत्रणाच बंद पडली, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यावे आणि आपला कॅमेरा बंद करून फक्त आवाज व लेखन चालू ठेवावे.