इन्व्हर्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटरच का? ॲसिड टाकलं तर?

ॲसिड टाकू नका. चार्जिंगच्या शेवटी पाण्याचाच हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड ओतलं की द्रावण तीव्र होऊन आतल्या शिशाच्या प्लेटा खाल्ल्या जातात. नळाच्या पाण्यातलं लोह, क्लोराइडही घातकच.

रचना जुनीच आहे. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लान्तेने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवले. पण पत्र्यांवर वीज साठवणारा थर ‘तयार’ व्हायला पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करत महिने लागायचे. १८८१ मध्ये कामी फोरने शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि हे काम झटपट होऊ लागलं. आजची ट्युब्युलर (नळीच्या आकाराच्या प्लेटांची) बॅटरी त्याच रसायनावर चालते: सहा सेल, प्रत्येकी साधारण २ व्होल्ट.

पाणी पूर्ण चार्ज झाल्यावर घाला, कारण चार्जिंगमध्ये द्रावण फुगतं. आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडण्यापुरतंच घाला.

आणि बॅटरी उतरलेली ठेवून गावाला जाऊ नका. प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसतात, ते सहसा परत विरघळत नाहीत. अनेक बॅटऱ्या अशाच मरतात.