निवृत्तीनंतर साताऱ्यात आग विझवायचं स्वयंसेवी काम करता येईल का?

तुमचा प्रश्न असा, की वय ६१, बँकेतून निवृत्त, गुडघे अजून शाबूत. साताऱ्यात अग्निशमन दलात बिनपगारी घेतील का? बंबावर म्हणाल तर नाही. ती नगरपालिकेची नोकरी आहे आणि आपल्या वयाला तिथली माणसंही निवृत्त होऊन घरी असतात. आपत्तीत मदतीला स्वयंसेवक तयार करणाऱ्या सरकारी आपदा मित्र योजनेला वय १८ ते ४० ची अट. दोन्हीकडे विचारून मी हात हलवत परत आलोय.

पण वणव्याला माणसं कायम कमी पडतात. फेब्रुवारी लागला की अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या उतारावरचं गवत कडक वाळतं. कुणी बिडी टाकतं, कुणी पुढच्या पावसात गवत जोमानं यावं म्हणून मुद्दाम काडी लावतं (हा समज काही केल्या जात नाही). तुमच्या भागातल्या वनरक्षकाला भेटा, नंबर देऊन ठेवा. सुरुवात हिवाळ्यातच करा, जाळरेषा काढायच्या वेळी. गवत कापून पट्टा मोकळा करायचा; दमही कळतो, डोंगरही कळतो.

प्रत्यक्ष आगीत ओल्या फांदीनं झोडपायचं, असं सगळे सांगतात. मी पहिल्या दिवशी धोपटण्यानं धुणं बडवावं तशी फांदी हाणली, तर ठिणग्या उडून मागचं गवत पेटलं. फांदी वरून आपटायची नाही. ज्वाळेवर दाबायची आणि जळालेल्या बाजूला ओढायची. उभं राहायचं तेही शक्यतो जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर. आगीच्या वरच्या अंगाला कधीच नाही. चढावर ती आपल्यापेक्षा जोरात पळते. कपडे सुतीच. माझी ट्रॅकपँट वितळून पोटरीला चिकटली होती, तो डाग अजून आहे.

खरं सांगू, पुढं जाऊन झोडपायला पोरं असतात. आपलं काम नंतरचं. आग विझली की पोरं फोटो काढून खाली उतरतात. तेव्हा कडेकडेनं फिरायचं, बुंधे बघायचे, आणि गुरांचे वाळलेले पो. वरून राख दिसते, आत निखारा. हाताची पाठ जवळ नेली की धग लागते. फोडायचा, पाणी टाकायचं, पुढं. तासन् तास हेच. वारं फिरलं की अशाच एका पोमधून डोंगर परत पेटतो. हे चिवट काम निवृत्त माणसालाच जमतं, आपल्याला घाई कुठाय?

बीपीची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लांबून धूर दिसला तर एकट्यानं चढू नका. वनखात्याच्या हेल्पलाइनचा नंबर १९२६, आग वस्तीजवळ असेल तर अग्निशमनचा १०१.

आणि घरी सांगून निघा. मी पहिल्यांदा न सांगता गेलो होतो. रात्री दहाला तोंड काळं करून दारात उभा राहिलो, तर हिनं दाराची साखळीच काढली नाही.