स्कॅनर ‘बीप’ करतो म्हणजे नेमकं काय तपासतो?

प्रश्न : मी वॉर्डमध्ये सिस्टर आहे. औषध देण्याआधी पेशंटच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करायचा नियम आहे. रात्री सलाइनमधून औषध द्यायचं असलं, की पांघरुणाखालचा हात शोधताना पेशंट जागा होतो. म्हणून आम्ही पट्ट्यांची जादा प्रत ट्रॉलीवर चिकटवून ठेवतो. चालेल ना?

नाही चालणार. ट्रॉलीवरची पट्टी स्कॅन केली की औषध आणि कागद यांची जुळणी होते. खाटेवर कोण झोपलंय हे कुणी पाहिलेलंच नसतं. बॉस्टनमधल्या एका रुग्णालयाचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथे बारकोड वापरल्यावर औषध देतानाच्या चुका (वेळेच्या चुका सोडून) ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. पण सगळं खापर तुमच्यावर फोडणं मला पटत नाही. पट्टी ओली होऊन पुसते, स्कॅनरची बॅटरी उतरते, वाय-फाय कोपऱ्यातल्या खाटेपर्यंत पोचत नाही. तुमच्याकडे यातलं काय होतं, ते वरिष्ठांना लेखी कळवा.

प्रश्न : निवासी डॉक्टर आहे. प्रत्येक प्रिस्क्रिप्शनवर सॉफ्टवेअर पाच-सहा इशारे दाखवतं. न वाचताच पुढे जातो, हे कबूल करतो. सगळेच तसं करतात.

करतात, हे खरं. पण त्यातून काय होतं ते ऐका. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका नामवंत रुग्णालयात १६ वर्षांच्या मुलाला १६० मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची होती. डॉक्टरांनी १६० टाइप केलं, पण रकाना ‘दर किलोला मिलिग्रॅम’ असा होता. मुलाचं वजन ३८.६ किलो. संगणकाने इमानेइतबारे गुणाकार केला आणि ऑर्डर निघाली साडेअडतीस गोळ्यांची! जादा डोसचा इशारा डॉक्टरांना आला, औषधनिर्मात्यालाही आला. रोजच्या इशाऱ्यांच्या गर्दीत दोघांनीही तो बंद केला. यंत्राने गोळ्यांची पाकिटं भरली. सिस्टरला शंका आली होती, पण स्कॅनरने ‘बरोबर’ म्हटलं. त्याचंही चुकलं नव्हतं म्हणा: ऑर्डरप्रमाणे औषध आहे का, एवढंच तो बघतो, ऑर्डर शहाणपणाची आहे का, हे नाही. मुलाला झटके आले. सुदैवाने तो वाचला.

तेव्हा ‘इशारे नीट वाचा’ एवढं सांगून मी मोकळा होणार नाही. जवळजवळ प्रत्येक वेळी डावलले जाणारे इशारे कोणते, त्याची यादी काढून औषध समितीपुढे ठेवा आणि निरुपयोगी असतील ते बंद करायला लावा. कमाल डोसच्या कितीतरी पट ऑर्डर असेल तर मात्र नुसता इशारा पुरत नाही, ती अडलीच पाहिजे. आणि पडद्यावर गोळ्यांची संख्या ठळक दिसू द्या. ‘६१६० मिलिग्रॅम’ नजरेतून सुटतं, ‘३८.५ गोळ्या’ सहसा सुटत नाही.

प्रश्न : आईच्या नोंदीत ‘पेनिसिलिनची अॅलर्जी’ आहे. तिला एकदा फक्त मळमळलं होतं. दर भेटीत तीच नोंद पुढे येते.

कॉपी-पेस्टची कृपा! नुसती मळमळ हा बहुधा दुष्परिणाम असतो. अंगावर पित्त उठलं होतं का, ओठ सुजले होते का, धाप लागली होती का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. नोंद पुसायची की नाही, ते ठरवतील. तोवर स्वतःहून पेनिसिलिन देऊ नका.

प्रश्न : सर्व्हर बंद पडला तर?

चालू औषधांची आणि अॅलर्जीची ताजी यादी वॉर्डात छापून तयार हवी. पाळीच्या सुरुवातीलाच काढून ठेवा. सर्व्हर पडल्यावर प्रिंटरही चालेलच असं नाही.