बायोप्सीत जंतू दिसले नाहीत, तरी त्वचेचा टीबी असू शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईच्या गालावरचा लालसर चट्टा तीन वर्षं हळूहळू पसरतोय. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (प्रतिकारपेशींच्या बारीक गाठी) आहेत पण जंतू नाहीत, छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, तरी डॉक्टर टीबीची औषधं द्यायची म्हणतात. घ्यावीत का?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आईंना न पाहता निदान सांगणार नाही; पण ‘जंतू नाहीत म्हणजे टीबी नाही’ हा हिशेब त्वचेला लागू पडत नाही. अशा संथ चट्ट्यात, म्हणजे लूपस व्हल्गॅरिसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंना जवळजवळ संपवते. उरतात ते मोजकेच. आपण तपासायला पाठवतो तो तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. कल्चरला, म्हणजे त्या तुकड्यातले जंतू वाढवून बघायला, कित्येक आठवडे लागतात आणि तरीही ते बरेचदा कोरं येतं. पीसीआरचंही, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचंही, तेच. एक्स-रे स्वच्छ असल्यानेही त्वचेचा टीबी बाद होत नाही.

म्हणून आम्ही चट्ट्यावर काचेची पट्टी दाबून बघतो. लाली ओसरते आणि खाली पिवळट-तपकिरी, सफरचंदाच्या जेलीसारखे ठिपके उरतात. हे सारकॉइडोसिसमध्येही (ग्रॅन्युलोमा होणारा, पण टीबी नसलेला आजार) दिसतं, त्यामुळे एवढ्यावर विसंबत नाही. कडा पसरतेय आणि मधे व्रण (बरं झाल्यावर राहते तशी खूण) पडलाय का, मँटू (त्वचेत टोचून करायची टीबीची चाचणी) किती आली, हे सगळं जुळवावं लागतं. चट्ट्यावर स्पर्श नीट कळतो का तेही बघून घ्या, म्हणजे कुष्ठरोगाचा विचार होईल. बायोप्सीवर बुरशीसाठीचं स्टेनिंग (बुरशी दिसावी म्हणून तुकडा रंगवून बघणं) झालंय का, हेही विचारा.

हे सगळं जुळत असेल तर औषधं सुरू करण्यात काही गैर नाही. साधारण दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने त्यातली दोन-तीन. त्याआधी लिव्हरच्या तपासण्या, एचआयव्ही आणि साखर. त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कुणीतरी दिलेलं स्टिरॉइडचं मलम लावत असाल तर बंद करा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनी ते ‘गजकर्ण’ समजून महिनोन्‌महिने चोळलेलं असतं.

पहिल्या गोळीच्या दिवशी खिडकीपाशी गालाचा फोटो काढा. चार ते सहा आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा काढा. चट्टा टीबीचा असेल तर एव्हाना सपाट व्हायला लागलेला दिसतो. काहीच फरक नसेल तर दोन्ही फोटो डॉक्टरांसमोर ठेवा: निदान चुकलं असेल, किंवा जंतू औषधाला दाद देत नसतील. मधला व्रण मात्र राहणार, तो औषधाने जात नाही.